पेटीभर जुने लाकडी सॅमन-प्लग मिळालेत, ओळखायला मदत हवी

काठावरचा (धागाकर्ता)

मासे खाण्यावर इथे उदंड धागे आहेत. मासे फसवण्यावर बहुधा हा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

मी सिएटलच्या उत्तरेला राहतो. गेल्या शनिवारी मागच्या गल्लीत एस्टेट सेल होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घर उघडं ठेवतात आणि चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावतात, तो प्रकार. पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणाच्या तरी कपाटात डोकावल्यासारखं वाटून तसाच परत आलो होतो. आता सराईतासारखा जातो. हेही काही चांगलं लक्षण नाही.

गॅरेजात पत्र्याची पेटी होती, ४० डॉलर. आत शिशाची वजनं, गंजलेल्या फिरक्या आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यांत एकेक गुंडाळलेले अकरा लाकडी मासे. इथे त्यांना प्लग म्हणतात. बाबा सध्या आमच्याकडे आलेत. ते दाभोळ खाडीकाठचे, सगळं लहानपण गरवण्यात गेलेलं. त्यांनी एक उचलला, तोंडाच्या तिरप्या कापावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा ओढला की मान हलवत जाणार." नेमकं तेच. सॅमन समुद्रात हेरिंगसारख्या छोट्या माशांवर जगतो. होडी हळू चालवत हे लाकूड मागे ओढलं की तिरप्या तोंडावर पाणी आपटतं, प्लग खाली जातो आणि जखमी हेरिंगसारखा लडबडतो. १९३० ते १९५० च्या दशकांत प्युजेट साउंडवर (सिएटलला लागून असलेली समुद्राची खाडी) भाड्याच्या होड्या घेऊन लोक हेच करत. सिएटलमध्येच ते बनत. 'लकी लुई' नावाचे मिन्सर कंपनीचे आणि 'मार्टिन'चे, ही दोन नावं मला वाचून कळली. दोन रात्री जागलो, त्यापलीकडे माझं ज्ञान संपलं.

अकरापैकी तिघांचं वर्णन देतो.

क्र. १: गुलाबी, मोतिया झाक, साडेपाच इंच. इतका चकचकीत की आजच डब्यातून काढलाय वाटावं. मी यावरच पेटी घेतली.

क्र. २: हिरवी पाठ, पांढरं पोट. म्हणजे होतं. आता अर्ध्या अंगावर लाकूडच दिसतं, सगळीकडे ओरखडे. एक डोळा पुसलेला.

क्र. ३: पाच इंच, चंदेरी, तीन काट्यांचे दोन गळ. याच्या पितळी कड्या मी विचारायच्या आधीच आईने चिंच-मीठ लावून लख्ख केल्या. देवाची उपकरणी घासतात तशा.

शिवाय पुठ्ठ्याच्या खोक्याचं एक फाटकं झाकण आहे. नावाचा भाग गेलाय, खाली फक्त 'सिएटल ४, वॉश.' (म्हणजे वॉशिंग्टन राज्य) एवढं वाचता येतं.

कोणाचे, कधीचे, आणि उरलेले धुवायचे का?

---

शंकासुर

फोटो दिसत नाहीत.

प्लग म्हटल्यावर मला आधी थ्री-पिन आठवला. आणि सॅमन म्हणजे आपला रावसच ना? हॉटेलात मेनूकार्डावर 'इंडियन सॅमन' म्हणून रावसच वाढतात. मग एवढं कौतुक कशाला?

---

पागवाला

शंकासुरा, रावसाला 'इंडियन सॅमन' हे नाव साहेबाने दिलं. त्याला घरची आठवण येत असणार. रावसाच्या छातीखाली दोऱ्यासारखे मोकळे पर लोंबतात, ते सॅमनला नसतात. दोघांचं दूरचंही नातं नाही. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत चढतो. पॅसिफिकमधला तर तिथेच मरतो. रावस असलं काही करत नाही, तो खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्याला सुखात असतो.

काठावरचा, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. "मान हलवत जाणार" हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे गरीला जिवंत कोळंबी नाहीतर माशाचा तुकडा. लाकडाचा मासा करायचा तर आमचा म्हातारा म्हणाला असता, लाकूड चुलीत घाल आणि मासा तव्यावर.

---

काठावरचा

फोटो परत चढवले, आता दिसायला हवेत.

शंकासुर, इथल्या झाडून सगळ्या मराठी घरांत आईबाबा आले की त्यांना बॅलर्ड लॉक्सला (होड्या चढवणारे-उतरवणारे पाण्याचे दरवाजे) नेतात. तिथे माशांना चढायला २१ पायऱ्यांची शिडी आहे आणि तळघरात काचेच्या खिडक्या. ऑगस्टमध्ये त्या काचेपलीकडे हातभर लांबीचा मासा प्रवाहाविरुद्ध नुसता उभा असतो. एकदा बघ, मग रावसाची तुलना करणार नाहीस. (खायला मात्र मला रावसच आवडतो. हे इथल्या मित्रांना सांगू नका.)

---

बेटावरची

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरून लिहितेय, कॅम्पबेल रिव्हर गावापासून जवळच राहते. माझ्या सासऱ्यांकडे असे साठएक प्लग भिंतीवर आहेत, त्यामुळे लग्न झाल्यापासून हाच अभ्यास.

आधी ओरडून सांगते: ते वर्तमानपत्राचे तुकडे फेकू नका! कुठला कागद कुठल्या प्लगला होता ते लिहून ठेवा. कागदावरून प्लग बनला कधी ते कळत नाही, पण गुंडाळला कधी ते कळतं. जुना संग्रह बघताना ही अर्धी लढाई असते.

दुसरं, झाकण. 'सिएटल ४' यातला ४ म्हणजे टपालाचा विभाग. अमेरिकेत मोठ्या शहरांना हे एक-दोन आकडी विभाग १९४३ मध्ये दिले आणि १९६३ मध्ये पाच आकडी झिप कोड आला. म्हणजे ते झाकण या २० वर्षांतलं. विभागाचा आकडाच नसता तर १९४३ च्या आधीचं असू शकलं असतं, आणि बारकोड असता तर १९७४ नंतरचं. पण झाकण प्लगचंच होतं कशावरून? लोक खोक्यात बटणंसुद्धा ठेवतात. झाकणाला झाकणापुरतंच माना.

तिसरं, नाव शोधत बसू नका. लाकडावर छापलेलं नाव पहिल्या दोन हंगामांत पुसलं जातं. लोखंड बघा: कड्या, तार, स्क्रू, गळ कुठून अडकवलाय ते. रंग कुणीही बदलतो, कडी बसवण्याची रीत मात्र कारखान्याची सवय असते.

क्र. २ पोटाकडून नीट दाखवाल का? मला तोच महत्त्वाचा वाटतोय.

---

मिशिगनकर

बेटावरचीला +१. आमच्या बाजूला बास माशांचे प्लग गोळा करतात आणि तिथेही हाच न्याय. हेडन कंपनीचं उदाहरण सगळे देतात. गळ अडकवायला आधी लाकडात खोलगट कप, मग 'एल' आकाराची पट्टी, मग दोन तुकड्यांची पट्टी, शेवटी वरूनच स्क्रूने बसवलेली. रंग न बघता नुसती ही पट्टी बघून लोक काळ सांगतात.

पण हेडनचे नियम सिएटलच्या प्लगला जसेच्या तसे लावू नका. आमच्याकडे काचेचे डोळे म्हणजे जुना, असा ठोकताळा आहे. सॅमन-प्लगला रंगवलेले डोळे सर्रास असतात, त्यावरून तो नवा ठरत नाही.

अजून एक. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर तो फिलिप्स स्क्रू, १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. विकणाऱ्याने "१९२० चा आहे हो" म्हटलं की मी आधी स्क्रू बघतो. निम्मे लोक तिथेच गार होतात.

---

काठावरचा

क्र. २ चे पोट चढवलं. मला वाटलं होतं याची कडी तुटून पडलीय. पण बाबा म्हणाले, भोक नाकापासून पोटापर्यंत आरपार आहे, दोरीच त्यातून जात असणार. भोकाच्या तोंडाशी दोरीने घासून खोबण पडलीय.

क्र. ३ च्या मागच्या कडीजवळ अधिक चिन्हाच्या खाचेचा एक स्क्रू आहे, बाकीचे एका खाचेचे. म्हणजे एक बदललाय?

---

बेटावरची

हो, क्र. ३ चा एक स्क्रू नंतरचा दिसतो. गळ ओढून सैल झाला की घरातला मिळेल तो स्क्रू ठोकत. त्यात लाज नाही, फक्त विकताना सांगावं लागतं. चिंच-मिठाबद्दल काय बोलणार. पितळेवरची काळपट साय हा काळाचा शिक्का असतो, तो आता परत येणार नाही. आईंना रागावू नका, माझ्या सासूबाईही एकदा भांड्यांचा साबण घेऊन निघाल्या होत्या.

आता क्र. २. बाबांचं बरोबर आहे. असं बघा, पाच-सहा इंचांचं लाकूड माशाच्या जबड्याला घट्ट अडकलं की तो डोकं झटकतो तेव्हा लाकडाचीच तरफ होते आणि गळ उपटून निघतो. हातातला मासा जातो. यावर इथल्या लोकांनी दोन तोडगे काढले. एकात दोरी लाकडातून आरपार जाते आणि गळ दोरीलाच बांधलेला असतो. मासा लागला की लाकूड दोरीवरून वर सरकतं, माशाच्या तोंडात फक्त गळ उरतो. दुसऱ्यात गळ पोटाशी नुसता टोचून ठेवलेला असतो आणि आखूड दोरीने किंवा तारेने नाकाशी बांधलेला. मासा लागला की तो सुटून येतो, तरफ होत नाही. बास पकडणाऱ्यांना याची गरज नव्हती. तीस-चाळीस पौंडांचा चिनूक (पॅसिफिक सॅमनमधली सगळ्यात मोठी जात) ओढणाऱ्यांना होती. म्हणून हे भोक म्हणजे त्या प्लगचं गावच समजा: हा सॅमनसाठीच, आणि बहुधा आमच्याच किनाऱ्याचा.

आमच्या कॅम्पबेल रिव्हरच्या टाई क्लबमध्ये आजही हे प्लग ओढतात. क्लब १९२४ चा. होडी वल्ह्याचीच हवी, इंजिन चालत नाही. दोरी २० पौंडांपेक्षा मजबूत नको, गळ एकच आणि बिनकाट्याचा (म्हणजे टोकाजवळ उलटा दात नसलेला), आमिष नकली. त्यात ३० पौंडांचा (साडेतेरा किलो) किंवा त्याहून जड चिनूक मिळाला तर तुम्ही सभासद. 'टाई' हा चिनूक बोलीतला शब्द, अर्थ 'मुखिया'. मी दोन वर्षं वल्ही मारतेय. अजून मुखियाचा चोपदारसुद्धा भेटलेला नाही.

---

शंकासुर

साडेतेरा किलो? एकाच माशाचे?

---

पागवाला

अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ मध्ये ९७ पौंड ४ औंसांचा चिनूक गळाला लागला होता, म्हणजे ४४ किलो. आता घोळ बघितलीस तर तीही काही कमी नसते. पण गळाच्या दोरीवर ४४ किलो म्हणजे हात खांद्यापासून निघायचा.

---

कातारी

मी सावंतवाडीचा. चितारआळीत लाकडी फळं करतात तिथे आमच्या दोन पिढ्या गेल्या, म्हणून लाकडाबद्दल लिहितो, माशाबद्दल काही कळत नाही.

क्र. २ च्या उघड्या लाकडाचा फोटो मोठा करून बघितला. सरळ रेषा, तांबूस-तपकिरी, मऊ. त्या भागात वेस्टर्न रेड सिडर मुबलक, तेच दिसतंय. नावात सिडर असलं तरी हा आपल्या देवदाराच्या कुळातला नव्हे. देवदार खरा सिडर, हा थुजा. बागेत मोरपंखी लावतो ना, तिच्या नात्यातला. हलका, पाण्याला टिकणारा, सहज चिरला जाणारा. त्याच किनाऱ्यावर पिवळा सिडर आणि पोर्ट ऑरफर्ड सिडरही मिळतात. पिवळ्याच्या ताज्या कापाला कच्च्या बटाट्यासारखा वास येतो म्हणतात, पोर्ट ऑरफर्डला आल्यासारखा. पण ताज्या कापाला! खरवडून हुंगत बसू नका.

दुसरी गोष्ट. अकरापैकी सात-आठ नग कातलेले आहेत, अंगावर आडव्या बारीक वलयांच्या खुणा तिरप्या उजेडात दिसतील. उरलेल्यांपैकी एक (फोटोत डावीकडून चौथा) चाकूने तासलेला वाटतो, अंगाला पैलू आहेत. तो कारखान्याचा नाही, कुणीतरी घरी केलाय. आमच्याकडे फळांना पांगाऱ्याचं लाकूड घेतात, कारण तेही असंच हलकं. बाबांना हौस असेल तर पांगाऱ्याचा प्लग करून बघा म्हणावं. कोकणात जाळ्याच्या बोयांना पांगारा चालतो, तर हेही तरंगेल.

---

काठावरचा

कातारी, बाबा हे वाचून गप्प झाले, मग विचारलं, "तुमच्या इथे पांगारा मिळतो का?" मिळत नाही. आता ते मागच्या अंगणातल्या कुंपणाच्या फळीकडे बघताहेत. फळी सिडरचीच आहे.

---

टे_काठचा

स्कॉटलंडहून. सॅमन म्हटलं की फक्त पॅसिफिक, असं होऊ नये म्हणून.

आमच्याकडचा लाकडी नग म्हणजे डेव्हन मिनो. दीड ते तीन इंच, पडावासारखं बंद अंग, मधून आरपार भोक, आणि डोक्याशी दोन पंख. पाण्यात तो लडबडत नाही, भोवऱ्यासारखा फिरतो. मासा लागला की हाही दोरीवरून वर सरकतो. म्हणजे दोन महासागरांच्या काठी लोकांना एकच अडचण आली आणि उत्तरही एकच सापडलं. गंमत अशी की पंख उजवीकडे वळलेले आणि डावीकडे वळलेले असे दोन्ही डेव्हन विकतात. एकाने दोरीला पीळ पडला की दुसरा लावून उलगडायचा. जुन्या पेटीत एकाच रंगाचे दोन डेव्हन दिसले तर पंखांची दिशा बघा, जोडी असू शकते.

लाकडी डेव्हन हलका, त्यामुळे पुढे शिसं लावावंच लागतं. धातूचा जड असतो, तो खडकात बसतो.

अवांतर: ब्रिटनमधला गळाने धरलेला सगळ्यात मोठा सॅमन आमच्या टे नदीतला, ७ ऑक्टोबर १९२२, ६४ पौंड, जॉर्जिना बॅलंटाइन यांनी वडिलांबरोबर होडीत बसून पकडला. पर्थच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती आहे. लाकडी प्लगवर नव्हे, डेस नावाच्या छोट्या माशाच्या आमिषावर. शंभर वर्षं उलटली, तो आकडा कुणाला ओलांडता आलेला नाही.

---

रंगारी_नाना

मी रंगाच्या कारखान्यातून निवृत्त. ३४ वर्षं लॅकर केलं.

त्या काळच्या प्लगवर बहुतेक नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते वयानुसार पिवळं पडतं आणि त्याला बारीक तडे जातात. मोतिया झाक आणायला पर्ल एसेन्स घालत. ते कशाचं? हेरिंगसारख्या माशांच्या खवल्यांतून काढलेल्या ग्वानिनच्या स्फटिकांचं. म्हणजे हेरिंगचे खवले लावून लाकडाला हेरिंग बनवायचं आणि सॅमनला फसवायचं. आमच्या धंद्यातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

परीक्षा सोपी. टाचणीच्या टोकाला इवलासा कापूस, एक थेंब अॅसिटोन, जागा अशी की कुणाला दिसणार नाही. रंग विरघळला तर नायट्रोसेल्युलोज. हल्लीचं इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन ढिम्म हलत नाही. नवीन रंग दिलेले नकली नग यात लगेच पकडले जातात. एकाच ठिकाणी, एकदाच करा.

सँडपेपर अजिबात नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, धूळ नाकात जाईल.

---

काठावरचा

क्र. १ च्या पोटावर कडीच्या आड केलं. गुलाबी रंग कापसावर आला! म्हणजे अस्सल! मोतिया, गुलाबी, एकही ओरखडा नाही. मी बायकोला सांगून टाकलं, चाळीस डॉलर वसूल.

---

शंकासुर

किती मिळतील?

---

बेटावरची

थांबा हो जरा. नानांचा मान राखून विचारते: क्र. १ च्या पोटावर गळाच्या खुणा का नाहीत?

पाण्यात ओढताना गळ सतत डोलतो आणि पोटावर चंद्रकोरीसारखा ओरखडा काढतो. वापरलेल्या प्लगला तो असणारच. क्र. १ चे गळ तर गंजलेत आणि टोकं बोथट आहेत, म्हणजे तो वापरलाय. मग ओरखडा गेला कुठे? दिवा अगदी आडवा धरून फोटो काढा. आणि कडी जिथे लाकडात शिरते तिथे रंग कडीवर चढलाय का बघा. कारखान्यात आधी रंगवतात, मग कडी बसवतात.

---

काठावरचा

आडव्या उजेडात बघितलं. पोटावर चंद्रकोर आहे. रंगाखाली. पाठीवर दातांचे खड्डेही आहेत आणि तेसुद्धा गुलाबी रंगाने भरलेले. कडीच्या गळ्याशी गुलाबी थेंब वाळलाय.

बेटावरची, तुमच्या सांगण्यावरून कागद जपले होते. दहा प्लगचे कागद एकाच पिवळट पेपरचे आहेत. क्र. १ चा कागद मात्र वेगळा, पांढरट, त्यावर जाहिरातीचं कूपन आणि कुपनावर बारकोड.

पण मग अॅसिटोनमध्ये विरघळला कसा?

---

रंगारी_नाना

हात जोडतो. चूक माझी, परीक्षा अर्धीच सांगितली. अॅसिटोनमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळतं हे खरं. पण नायट्रोसेल्युलोज फक्त जुन्या कारखान्यात होतं असं नाही. घरोघरी आजही असतं.

नेलपॉलिश. तेच लॅकर, तीच मोतिया झाक. म्हणून तर ते काढायला अॅसिटोन लागतं.

३४ वर्षं या धंद्यात काढून हे आधी सुचलं नाही. सौ. शेजारी बसून हसतेय.

---

मिशिगनकर

नाना, हे आम्हा सगळ्यांच्या उपयोगाचं निघालं. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक 'कोरा' प्लग घेतला होता, तो असाच रंगवलेला निघाला. विकणाऱ्याने गळ मुद्दाम मिठाच्या पाण्यात गंजवलेले होते. खरा गंज रंगात मुरतो, कडीभोवती तपकिरी डाग पसरतो. माझ्या नगाला गंज फक्त गळावर होता, रंग दुधासारखा स्वच्छ. पैसे गेले, तो नग आता शिकवायला ठेवलाय.

शंकासुर, भावाबद्दल. १९७६ पासून नॅशनल फिशिंग ल्यूर कलेक्टर्स क्लब आहे, त्यांची १ ते १० अशी प्रत लावायची पद्धत रूढ आहे. १० म्हणजे खोक्यासह, कधीच न वापरलेला. पुन्हा रंगवलेला नग या मोजपट्टीत फारसा उभाच राहत नाही. वापरलेले साधे सॅमन-प्लग दोन आकडी डॉलरांतच फिरतात. या धंद्यावर घर बांधायचा विचार असेल तर विटांचा भाव आधी विचार.

---

पागवाला

मला क्र. २ बद्दल विचारायचंय. त्याच्यावरचे ओरखडे दोन प्रकारचे दिसतात. काही मोजके, खोल, दूरदूर. आणि शेपटीकडे अगदी दाट, किसणीने खरवडल्यासारखे. एकाच माशाचे नाहीत हे.

---

बेटावरची

वा! इथे बसून मला हे दिसलं नव्हतं. दाट किसणीवाले डॉगफिशचे असावेत. हा हातभर लांबीचा शार्क, प्युजेट साउंडमध्ये रग्गड. त्याचे दात छोटे आणि ओळीने, प्लगला तो चावत बसतो आणि लोक शिव्या घालत त्याला सोडवतात. दूरदूरचे खोल खड्डे सॅमनचे असू शकतात.

म्हणून मी पहिल्या दिवसापासून क्र. २ म्हणत होते. रंग मूळचा, भोक मूळचं, दोरीची खोबण खरी, रचना इथलीच. लकी लुई की मार्टिन की तिसराच कुणी, हे मी फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. संग्राहकांच्या क्लबच्या मेळाव्यात नेऊन, खात्रीच्या नगाशेजारी ठेवून भोकाची जागा आणि तोंडाचा काप ताडून बघा. पण हा प्लग कामावर गेला होता एवढं नक्की.

ठेवण्याबद्दल: धुवू नका, कोरड्या ब्रशने धूळ काढा. आणि हल्लीच्या मऊ रबरी अळ्यांबरोबर एका डब्यात कधीही ठेवू नका. त्यांच्यातलं तेल रंग वितळवतं, सकाळी सगळा लगदा होतो. सासऱ्यांचे चार प्लग असे गेले, घरात सुतक पाळलं होतं.

---

शंकासुर

मासे धरायला वापरता येतील का पण? एवढं सगळं करून भिंतीवरच टांगायचे?

---

काठावरचा

प्युजेट साउंडमध्ये सॅमनला एकाच टोकाचे, उलटा दात नसलेले गळच चालतात. या प्लगचे तीन काट्यांचे गळ तसेच लावून गेलो तर दंड. गळ बदलता येतील, जुने पाकिटात नाव लिहून ठेवायचे. शिवाय इथला चिनूक १९९९ पासून 'धोक्यातला' म्हणून केंद्राच्या यादीत आहे. कधी, कुठे, कुठला ठेवायचा याचे नियम दरवर्षी बदलतात. पाच इंचांच्या प्लगकडे बघितलं की त्या काळी काय आकाराचे मासे डोळ्यासमोर ठेवून हे बनवत होते ते कळतं.

---

काठावरचा

शेवटची भर घालतो.

एस्टेट सेलच्या पावतीवर फोन नंबर होता. धीर करून लावला. त्या घरच्या मुलीने उचलला, मुलगी म्हणजे साठीच्या बाई. मी म्हटलं, गुलाबी प्लगबद्दल विचारायचं होतं. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग हसल्याचा आवाज. म्हणाल्या, तो दरवर्षी नवा व्हायचा. वडील उन्हाळा आला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरून तो रंगवायचे, आईच्या नेलपॉलिशने. बाटली संपली की आई चिडायची. दुकानातला गुलाबी त्यांना पटत नसे, मासे याच गुलाबीला येतात असं त्यांचं म्हणणं. डॉगफिशने किसला की परत दोन हात.

बरोबरच्या दहांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते आजोबांचे, पेटीत तसेच पडून होते.

मी म्हटलं, हवा असेल तर परत आणून देतो. नको म्हणाल्या, फोटो पाठवा. आडव्या उजेडातला पाठवला, खड्डे दिसतात तो.

क्र. २ पुढच्या महिन्यात मेळाव्याला नेतोय, निकाल इथेच लिहीन. कुंपणाच्या फळीचा एक तुकडा कमी झालाय. त्याचं तोंड तिरपं कापून झालं, नाकापासून पोटापर्यंत भोकही पाडून झालं, फक्त रंग राहिलाय. आज सकाळी आई हिच्या ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होती आणि बाबा दारात पहाऱ्याला उभे होते.